जिनाचं धुराडं आणि इंद्रभानचा चेहरा

मंगरूळपीरच्या स्टँडवर एस. टी.तून उतरणाऱ्याला आधी धुराडं दिसायचं, मग गाव. जुन्या जिनिंग फॅक्टरीचं ते विटांचं धुराडं अठ्ठ्याऐंशी फूट उंच होतं. फॅक्टरीला गावात नुसतं ‘जीन’ म्हणत. कुणी दवाखाना विचारला, कचेरी विचारली, कुणाचं घर विचारलं, तरी उत्तर धुराड्यापासूनच सुरू व्हायचं. धुराडं डाव्या हाताला धर, धुराडं पाठीवर घे, धुराड्याच्या पल्याड तिसरी गल्ली. गावात राहून धुराडं न पाहता दिवस काढायचा असता, तर माणसाला खाली मान घालूनच फिरावं लागलं असतं.

इंद्रभान त्या धुराड्याखालीच वाढला. त्याचा बाप ग्यानबा तीस वर्षं जिनाच्या बॉयलरवर आगवाला होता. ग्यानबा खाली कोळसा लोटायचा आणि वर धूर निघायचा. इंद्रभानची माय चंपाबाई अंगणातून त्या धुराचा रंग पाहायची आणि आज घरी येताना नवऱ्याचं डोकं ठिकाणावर असेल की नाही ते सांगायची. बहुतेक वेळा तिचं खरं ठरायचं.

पोरगा मात्र कोळशाकडे गेला नाही. अकोल्याच्या एका फोटोवाल्याकडे चार वर्षं राबला, अंधाऱ्या खोलीतली औषधं हातावर घेऊन बोटांची कातडी पिवळी करून आला, आणि बाहत्तर साली स्टँडसमोर दहा बाय बाराच्या खोलीत त्यानं ‘तथागत फोटो स्टुडिओ’ अशी पाटी लावली. त्याच्याकडे जुना, दोन भिंगांचा कॅमेरा होता. वरचं भिंग पाहायला, खालचं फोटो घ्यायला. डोळ्याला लावायचा नाही. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत डोकवायचं. त्या काचेत जग सरळ उभं दिसायचं, पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. पहिले सहा महिने इंद्रभाननं या गोष्टीपायी लोकांचे कान कापले. फोटोतले.

तसा धंदा चांगला चालला असता, पण मध्ये धुराडं होतं.

त्या भागात लग्नाच्या पोराचा फोटो पाठवायची एक रीत पडून गेली होती. पोरगा मंगरूळपीरचा असेल, तर फोटोत धुराडं पाहिजे. नुसत्या माणसाचा फोटो म्हणजे काय, कुठल्याही गावचा माणूस. दुसरं, धुराडं अख्खं पाहिजे, पायथ्यापासून कंगोऱ्यापर्यंत. एका पोराच्या फोटोत वरचा हातभर भाग कापला गेला आणि त्याच सालात त्याची सोसायटीतली नोकरी गेली, म्हणून लोकांनी हे धरलं होतं. इंद्रभानच्या वस्तीतल्या लोकांनी छप्पन साली दीक्षा घेतली, देव सोडले, अंगारे सोडले, शकुन-अपशकुन सोडले. ग्यानबाला कुणी विचारलं तर तो सांगायचा की आपण असलं काही मानत नाही. पण धुराडं कापलं की ते धुराडं राहत नाही, भिंत होते, आणि भिंतीसोबत फोटो कायले काढायचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तिसरा नियम बाबूलालमुळे आला. बाबूलालचा स्टुडिओ बाजारात होता. त्यानं हुशारी करून एका पडद्यावर धुराडं रंगवून घेतलं. त्यासमोर माणूस उभा केला की चेहराही मोठा, धुराडंही अख्खं. त्या पडद्यासमोर कुठल्याशा दूरच्या गावचा एक जण उभा राहिला, आपण जिनात फिटर आहोत असं त्यानं रिठद गावच्या एका पोरीच्या घरी कळवलं आणि साखरपुडा उरकून घेतला. पुढं पोरीचा मामा जिनात जाऊन विचारतो, तर फिटर नाही, फिटरचा भाऊ नाही, काही नाही. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांनी ठरवून टाकलं की पोराचा हात धुराड्याच्या विटेला लागलेला दिसला पाहिजे.

धुराडं अख्खं, आणि हात विटेवर. चेहऱ्याबद्दल कुणी नियम केला नव्हता.

आता अठ्ठ्याऐंशी फूट अख्खं घ्यायचं म्हणजे कॅमेरा निदान दीडशे फूट मागं न्यावा लागतो. इंद्रभाननं हे दोरीनं मोजलं होतं, आणि जागेवर चुन्याची खूणही केली होती. तिथून घेतलेल्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोत धुराडं चार इंच यायचं आणि साडेपाच फुटी माणूस पाव इंच. त्या पाव इंचात चेहरा येणार किती, तर खसखशीच्या दाण्याएवढा. दोन वर्षांत इंद्रभाननं असे तीनशेच्या वर फोटो काढले. तीनशे पोरं, एकच धुराडं, एकच चुन्याची खूण. एकदा दोन पाकिटं आपसांत बदलली. एका घरानं पसंत केलेल्या पोराऐवजी दुसराच पोरगा बोहल्यावर उभा राहिला, आणि लग्न लागून पंगत उठेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. पोराच्याही नाही. त्याला वाटलं, आपल्याला कुणी तरी पसंत केलं आहे. त्यांचा संसार आजही चांगला चालला आहे, म्हणून गावंही सांगायची नाहीत.

इंद्रभान या सगळ्याला हसायचा. स्वतःचं लग्न निघेपर्यंत हसला.

त्र्याहत्तरच्या चौदा एप्रिलला तो किन्हीराजाला जयंतीचे फोटो काढायला गेला होता. तिथं एक मुलगी भाषणाला उभी राहिली आणि दुसऱ्या वाक्याला माईक मेला. वायरमन धावला, मंडळी कुजबुजली. मुलीनं माईक बाजूला सारला, मागच्यांना पुढं बसायला सांगितलं, सगळे सरकून बसेपर्यंत थांबली आणि अर्धं राहिलेलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच धरलं. ही रुख्मिणी. दौलतरावांची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. इंद्रभाननं तिचा एक फोटो घेतला. तो स्वच्छ आला होता, चेहरा दीड इंच. तो फोटो त्यानं कुणाला दाखवला नाही, पण त्याच्या आत्यानं, भागिरथाबाईनं, तो पाहिलाच. भागिरथाबाई किन्हीराजालाच दिलेली होती. तिनं गोष्ट काढली आणि दौलतरावांनी नियमाप्रमाणं सांगितलं: आधी फोटो पाठवा, मग पोरगा.

दौलतराव पंचायत समितीत कारकून होते. मुलीच्या स्थळांची त्यांनी फाइल केली होती, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर जावक-आवक क्रमांक टाकला होता. इंद्रभाननं रीतीप्रमाणं चुन्याच्या खुणेवरून फोटो पाठवला. पंधरा दिवसांनी भागिरथाबाई उत्तर घेऊन आली. चहा पिऊन झाल्यावर तिनं रुख्मिणीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

“ते म्हणे, मले मंगरूळचे पाच फोटू आले. पाची फोटूत धुराडं चांगलं हाय, आता कुठंबी दिसलं तं वळखीन. पन पोट्टा कोनता, हे मले एकातबी समजलं नाई. धुराड्याशी तं लगन लावाचं नाई मले. चेहरा दिसन असा फोटू असन तं पाठवा, नाईतं पाठवू नोका.”

चंपाबाई हसली. ग्यानबा म्हणाला, पोरगी शिकलेली दिसते. इंद्रभान मात्र कात्रीत सापडला. कारण रुख्मिणीला चेहरा पाहिजे होता, आणि दौलतरावांची फाइल नियमाप्रमाणंच चालणार होती. अख्खं धुराडं नाही, विटेवर हात नाही, तर तो फोटो फाइलला लागणारच नव्हता. भागिरथाबाईनं हेही सांगितलं की वैशाखात एका वाशिमच्या पोराचं बोलणं पक्कं होईल असं दिसतं. त्या गावाला धुराडं नाही, त्यामुळं त्याचा फोटो नुसता चेहऱ्याचा आहे, आणि चेहरा वाईट नाही.

माघ महिना चालू होता. तीन महिने हातात होते. तीनशे वेळा काढलेल्या धुराड्याचा एक तरी नवा फोटो काढायचा, ज्यात धुराडं अख्खं असेल, हात लागलेला असेल आणि इंद्रभान इंद्रभानसारखा दिसेल.

पहिल्यांदा त्यानं धुराड्याच्या पायथ्याशी कमरेएवढा खड्डा खणला. कॅमेरा खड्ड्यात आभाळाकडे तोंड करून ठेवला आणि आपण वरून वाकून, विटेला हात लावून, दोरी ओढून फोटो घेतला. धुराडं अख्खं आलं. इंद्रभानही आला, पण खालून. दोन नाकपुड्या, त्यावर हनुवटीचं सावट, आणि त्यामागं वर निमुळतं होत गेलेलं धुराडं. चंपाबाईनं फोटो उजेडात धरून पाहिला आणि हा घरी ठेवू नको, दवाखान्यात दाखव, म्हणाली.

मग त्यानं न्हाव्याच्या दुकानातला मोठा आरसा मागून आणला. आपण कॅमेऱ्याजवळ उभं राहायचं, आरशात धुराडं अख्खं धरायचं आणि आरशातल्या विटेला हात लावायचा. विचार बरोबर होता. आरसा जिनाच्या वाटेवर टेकवून ठेवला होता. कापसाच्या गाड्या रांगेनं येत होत्या. पहिल्या गाडीच्या बैलानं आरशात समोरून दुसरी गाडी येताना पाहिली आणि तो वाट द्यायला म्हणून मागं सरायला लागला. त्याच्या मागची गाडी सरली, तिच्या मागची सरली. अर्ध्या तासात सतरा गाड्या उलट्या पावली पार नाक्यापर्यंत गेल्या. जिनाचा मॅनेजर धावत बाहेर आला, तेव्हा इंद्रभान आरसा पाठीला बांधून दुसऱ्या वाटेनं निघाला होता, आणि त्या वाटेवरचे लोक त्याच्या पाठीत आपलं तोंड पाहून केस सारखे करत होते.

तिसऱ्यांदा तो धुराड्यावरच चढला. बाहेरून लोखंडी कड्या होत्या. चाळीस फुटांवर जाऊन, एक हात विटेवर ठेवून, खाली पाहून हसायचं, असं ठरवलं होतं. मॅनेजरनं त्याला चढताना पाहिलं. इंद्रभानला वाटलं, आता हा उतरवणार. मॅनेजर खालून एवढंच म्हणाला की वर चाललाच आहेस तर वीज उतरवणाऱ्या तारेचा वरचा क्लँप ढिला झालाय का तेवढं पाहून घे, गेल्या पावसाळ्यापासून माणूस मिळत नाही. इंद्रभान पूर्ण अठ्ठ्याऐंशी फूट चढला, क्लँप घट्ट केला, वरून तालुका पाहिला, आणि खाली आला. फोटो कुणी काढलाच नाही. खाली कॅमेऱ्याजवळ ग्यानबाला उभं केलं होतं, पण ग्यानबा सबंध वेळ डोळे मिटून उभा होता.

अखेर युक्ती सुचली ती गणितातून. इंद्रभान रात्री जेवताना ताटावर बोट फिरवत बसला होता, आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की धुराड्याजवळ जायचं कारणच नाही. उलट लांब जायचं. नाल्यापलीकडचा माळ धुराड्यापासून सातशे फूट. तिथं कॅमेरा लावायचा आणि कॅमेऱ्यापासून आठ फुटांवर आपण उभं राहायचं. आठ फुटांवरून पाहिलं तर सातशे फुटांवरचं अठ्ठ्याऐंशी फुटी धुराडं दिसेल एक फूट. फूटभर धुराडं तळहातावर उभं करता येतं. भिंगाचं छिद्र बारीक ठेवलं की जवळचं लांबचं दोन्ही स्वच्छ. धुराडं अख्खं, हात पायथ्याला लागलेला, आणि चेहरा असा मोठा की दाढी नीट केली नाही तरी कळेल.

फक्त तळहातावर धुराडं बरोबर बसलं आहे की नाही, हे कॅमेऱ्यात पाहणारा माणूस पाहिजे होता. बाबूलालला सांगणं शक्य नव्हतं. ग्यानबा तयार झाला; त्याची रात्रपाळी चालू होती. बॉयलरचा दाब पाहणाऱ्या माणसाला काचेत पाहायला काय अवघड, असं त्याचं म्हणणं होतं.

सकाळी दोघं माळावर गेले. जीन जोरात चालू होतं, काळा धूर सरळ वर चढत होता. इंद्रभाननं कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवून दिला, बापाला सगळं समजावलं आणि आठ फुटांवर जाऊन हात पसरून उभा राहिला. ग्यानबानं काचेत पाहिलं. धुराडं पोराच्या हातापासून थोडं बाजूला होतं. त्यानं कॅमेरा सरकवला. काचेत डावं-उजवं उलट. धुराडं हातापासून आणखी लांब गेलं. त्यानं आणखी जोर लावून त्याच दिशेला सरकवला, जसं बॉयलरचं अडकलेलं लोखंडी दार सरकवतात. आता पोरगाच काचेतून गेला. धुराडं मात्र मधोमध होतं, म्हणून ग्यानबानं बटण दाबलं.

बारा फोटोंची रीळ होती. पहिल्या आठांत धुराडं सुंदर आलं आणि इंद्रभानचा एक खांदा, एक कान, एकदा नुसती चप्पल. नवव्याला इंद्रभानचा धीर सुटला. त्यानं मान मागं टाकली, तोंड उघडलं आणि “बा, इकडं, इकडं,” करत दोन बोटांनी खूण केली. ग्यानबाला नेमकं तेव्हाच सगळं एका काचेत आलेलं दिसलं. त्यानं बटण दाबलं.

फोटो धुऊन वाळत घातले तेव्हा इंद्रभान नवव्यापाशी थांबला. त्यात तो स्वतः होता, स्वच्छ, भुवईचे केस मोजता यावेत असा. मान मागं टाकलेली, ओठ गोल, दोन बोटं ओठांशी. आणि ओठांतून सरळ आभाळाकडे निघालेलं धुराडं, टोकाला धूर सोडत. कुणीतरी फूटभर लांबीची बिडी मोठ्या आरामात ओढतो आहे, असा तो फोटो होता. इंद्रभान एकटाच खोलीत हसला, फोटो तसाच वाळत राहू दिला, आणि दुसऱ्या दिवशी नवी रीळ भरू असं ठरवून जेवायला गेला.

मध्ये पुन्हा माहेरी आलेली भागिरथाबाई त्याच दुपारी किन्हीराजाला परत निघाली होती. ग्यानबा तिला बसवायला स्टँडवर आला, स्टुडिओत डोकावला, आणि त्याला वाळत घातलेले बारा फोटो दिसले. नवव्यात धुराडं अख्खं होतं, हात पायथ्याला लागला होता आणि पोराचा चेहरा मोठा दिसत होता. इतक्या दिवसांची मेहनत फळाला आली, आणि तीही आपल्या हातून, हे पाहून त्याचा ऊर भरून आला. त्यानं फोटो पाकिटात घातला आणि भागिरथाबाईच्या पिशवीत दिला. त्याला बिडी दिसली नाही. तीस वर्षं ज्याच्या पोटात कोळसा घातला, ते धुराडं त्याला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

आठ दिवसांनी दौलतरावांचं पत्र आलं. वरती क्रमांक, खाली तारीख, मग ‘विषय : मुलाच्या व्यसनाबाबत’. छप्पन साली पंचशील घेताना दौलतरावांनी बिडी सोडली होती आणि तेव्हापासून ते तिच्या मागं हात धुऊन लागले होते. समितीच्या कचेरीत लोक त्यांच्या पायांचा आवाज ओळखून बिड्या विझवायचे. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की नियमानुसार धुराड्याचा फोटो मागवला असता मुलानं बिडी ओढतानाचा फोटो पाठवला, व्यसन असणं हा एक भाग झाला, पण त्याचा अभिमान बाळगणं हा दुसरा. तरी समक्ष खुलासा घ्यायला ते येत्या रविवारी येत आहेत. शेवटी वेगळ्या, गोल अक्षरात एक ओळ होती: ‘मीपण येत आहे. रुख्मिणी.’

नाहीसा झालेला नववा फोटो कुठं गेला ते इंद्रभानला आता कळलं, आणि त्यानं पत्र बापाला वाचून दाखवलं. ग्यानबानं फोटो पुन्हा मागवून पाहिला असता, पण तो फाइलला लागला होता.

इंद्रभाननं मात्र रविवारची पक्की तयारी केली. रविवारी जीन बंद असतं. बॉयलर थंड, धूर नाही. दौलतरावांना माळावर न्यायचं, त्याच जागी उभं राहून काचेत दाखवायचं. बिडी तीच, पण धूर नाही. म्हणजे बिडी नाही, धुराडं. एवढा साधा पुरावा होता. त्यानं तसं किन्हीराजाला उलट टपाली कळवूनही टाकलं, की रविवारी जीन बंद असल्यानं धूर असणार नाही, तेव्हा खात्री करून घ्यावी. हे सगळं त्यानं लिहिलं, फक्त ग्यानबाला सांगायचं राहिलं.

पत्रातलं ग्यानबाच्या ध्यानात राहिलं ते पाहुणे येणार एवढंच. आपल्या हातून काहीतरी बिघडलं आहे हे त्याला कळलं होतं, आणि ते कसं भरून काढावं याचा विचार तो चार दिवस करत होता. रविवारी पहाटेच तो उठून गेला. घरी चंपाबाईनं पुरणाचं घातलं होतं. अकराच्या बसनं दौलतराव आणि रुख्मिणी उतरली. दौलतरावांच्या काखेत फाइल होती. इंद्रभान त्यांना तडक माळावर घेऊन गेला, कॅमेरा लावला, आणि वळून पाहतो तर धुराड्यातून काळाभोर, दाट, सणासुदीसारखा धूर निघत होता.

तेवढ्यात ग्यानबा नाला ओलांडून, कोळशानं हात काळे करून, घामाघूम आला. त्यानं चौकीदाराला गळ घालून बॉयलर पेटवला होता. दौलतरावांना हात जोडून तो म्हणाला की पाहुणे यायचे आणि धुराडं थंड, हे बरं दिसत नव्हतं.

दौलतरावांनी धुराकडे पाहिलं, मग फाइलमधल्या इंद्रभानच्या पत्राकडे, मग इंद्रभानकडे. दौलतराव जवळ आले, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी नाकाशी धरली आणि हुंगली. बोटं पिवळी होती. इंद्रभाननं सांगितलं की ते फोटोच्या औषधानं झालंय. दौलतरावांनी ते ऐकून घेतलं आणि फाइलमधल्या कागदावर काहीतरी टिपून ठेवलं.

मग ग्यानबा पुढं झाला. आपण उभं राहून दाखवतो, तुम्ही काचेत पाहा, असं म्हणून तो आठ फुटांवर गेला, आणि पोरानं जशी मान मागं टाकली होती तशी टाकून, बोटं ओठांशी नेऊन उभा राहिला. दौलतराव वाकून काचेत डोकावले. कॅमेरा थोडा इकडं, थोडा तिकडं करून त्यांनी नीट पाहिलं. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

“याचा बापबी ओढते,” ते रुख्मिणीला म्हणाले.

इतका वेळ ती एका बाजूला उभी होती. तिनं फोटो आधी पाहिला होता, आता धुराडं पाहत होती, मग कॅमेरा, मग नाल्याकडचं अंतर. वर्गात फळ्यावरचं गणित चुकलेल्या पोरासमोर मास्तर उभा राहतो तशी ती उभी होती. तिनं पदर खोचला, ग्यानबाला ‘मामाजी, जरा सरका’ म्हणाली, आणि त्याच्या जागी जाऊन उभी राहिली. मान मागं टाकली. दोन बोटं ओठांशी नेली.

“बाबा, आता पाह्या.”

दौलतरावांनी काचेत पाहिलं. त्यांनी लगेच मान वर केली, डोळ्यांनी समोर पाहिलं, तिथं मुलगी रिकाम्या हातानं उभी होती. पुन्हा काचेत पाहिलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी काचेवर हात ठेवून ती झाकून घेतली, कुणी पाहील म्हणून.

“समजलं,” ते म्हणाले. “ये इकडं.”

रुख्मिणी हलली नाही. मान मागंच टाकलेली ठेवून ती इंद्रभानला म्हणाली, “तुमी फोटू काढा.”

“काहून?” दौलतराव म्हणाले. “म्या पाह्यलं ना. फोटू नोका काढू.”

“नाई, काढू द्या. काचेतलं तुमच्या फायलीले लागत नाई. घरी गेल्यावर तुमीच म्हनसान, कागद कुठं हाय?” मग तिनं आवाज न चढवता इंद्रभानला विचारलं, “तुमी ओढता?”

“नाई.”

“मीबी नाई. झालं मंग. आता ते बटन दाबा, मान दुखून राह्यली.”

इंद्रभान कॅमेऱ्यामागं गेला. दौलतरावांचा हात काचेवरून बाजूला करून त्यानं तिकाटण्याचा एक पाय मांडीशी घट्ट धरला. काचेत रुख्मिणी डावी-उजवी उलटून उभी होती, चेहरा एवढा मोठा, की जयंतीच्या दिवशीच्या फोटोतही तो इतका जवळ नव्हता. तिच्या ओठांतून फूटभर धुराडं आभाळात गेलं होतं आणि वर ग्यानबाचा धूर निघत होता. आयुष्यात पहिल्यांदा इंद्रभानला धुराड्याचा कंगोरा कापला जातोय की नाही हे पाहायची आठवण राहिली नाही. त्यानं बटण दाबलं.

पुढं हे दोन्ही फोटो दौलतरावांच्या फाइलला शेजारी-शेजारी लागले, एकाच आवक क्रमांकाखाली. समितीतले लोक ते पाहायला मागायचे आणि दौलतराव द्यायचे नाहीत.

त्या दुपारी मात्र ते माळावरच्या एका दगडावर बराच वेळ बसून राहिले. रुख्मिणी इंद्रभानकडून कॅमेऱ्याची काच समजून घेत होती, डावं कुठं जातं, उजवं कुठं जातं. ग्यानबा पाहुण्याजवळ हात मागं बांधून उभा होता. काही बोलावं असं त्याला वाटत होतं, पण काय बोललं तर बिघडेल हे आता सांगता येत नव्हतं.

शेवटी दौलतरावांनीच विचारलं. “बुद्धपुनवेले जीन चालू असते का बंद?”

“बंद असते जी. कपाशी संपलेली असते तवा,” ग्यानबा म्हणाला, आणि त्याला राहवलं नाही. “पन लगनाले तुमच्याकडची मंडळी येनार असन, तं म्या चौकीदाराले सांगून…”

“नोका,” दौलतराव घाईनं म्हणाले. “बंदच राहू द्या.”